वगळलेले तीन शब्द

४ जानेवारी, सोमवार

निवृत्त होऊन चार दिवस झाले. एकतीस वर्षं छापखान्यात बसून लोकांच्या चुका काढल्या, आता काढायला कोणी देत नाही. सकाळी वर्तमानपत्रात अकरा सापडल्या. तांबड्या पेननं रीतसर खुणा केल्या, घडी घातली, आणि मग लक्षात आलं की हे परत पाठवायचं कोणाकडे? शेवटी हिनं त्यात भाजीची देठं गुंडाळली.

घरात बसवत नाही. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत. ही म्हणाली, एवढ्या येरझारा घालता, त्यापेक्षा हातात फडकं घ्या, निदान फरशी तरी पुसली जाईल. चिडून चप्पल घातली आणि बाहेर पडलो.

आमची गल्ली जिथे संपते तिथे शाळेचं फाटक. शेजारच्या भिंतीवर लिहिलंय, 'येथे कचरा टाकु नये'. टाकु! ऱ्हस्व! बारा वर्षं या भिंतीवरून जातोय आणि ऑफिसच्या घाईत कधी पाहिलं नाही. घरी येऊन रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन गेलो आणि उकार दीर्घ केला. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणतात, त्या बाहेर आल्या. पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, "उकार सुधारलात. आता त्याच्या खालचं कोण सुधारणार?"

खाली कचऱ्याचा ढीग होता. खरं सांगायचं तर मला आधी उकार दिसला आणि मग ढीग. दिवसभर ते वाक्य डोक्यात भणभणतंय.

७ जानेवारी, गुरुवार

ठरलं. रोज सकाळी सहा ते सात गल्ली आणि शाळेचं आवार झाडायचं, झाडं लावायची, जगवायची. दोन दिवस घरोघरी फिरलो. आश्वासनं सगळ्यांनी दिली, पण पहाटे आलो चौघं. मी, हेडबाई, कोपऱ्यावरचा शिंपी आणि झोप येत नाही म्हणून आलेले एक आजोबा. शिंप्यानं गळ्यात टेप तशीच ठेवली होती. विचारलं तर म्हणाला, सवय. मग त्यानं टेपनंच झाडांच्या खड्ड्यांमधली अंतरं मोजली.

आमच्या गल्लीला पालिकेची एक सफाईवाली आहे. मावशी म्हणतात तिला. ती साडेसहाला आली, आम्हाला पाहिलं आणि झाडूवर हनुवटी टेकून उभी राहिली. मी म्हटलं, मावशी, आता तुम्हाला आराम. ती नुसती हसली. थोड्या वेळानं म्हणाली, "साहेब, वाऱ्याच्या तोंडाला झाडताय."

माझ्या अंगावर धूळ आली होती हे खरं, पण सगळ्यांसमोर बोलायचं कारण नव्हतं.

१९ जानेवारी, मंगळवार

आता चौदा जण येतात. पाचवी 'ब'ची मुलं आली आणि रंगच पालटला. प्रत्येकानं एकेक रोप दत्तक घेतलंय आणि नावंही ठेवलीत. एका पेरूचं नाव 'गणिताचे सर' आहे, कारण त्याला काटक्यांचा आधार दिल्याशिवाय उभं राहता येत नाही. सरांनी ते ऐकलं आणि तरी रोज त्यालाच पाणी घालतात. अशा वेळी वाटतं, हे एकतीस वर्षांपूर्वीच सुरू करायला हवं होतं.

मावशीचं मात्र काही खरं नाही. आम्ही झाडून पुढे गेलो की ती मागे शाळेच्या कोपऱ्यावरच्या गटाराशी बसते. हातात सळईचा आकडा, जाळीत काहीतरी खोचत असते. वेळकाढूपणा, दुसरं काय! आणि रोज दहाला गायब. साडेदहाला परत. वहीत नोंद ठेवतोय. सलग सहा दिवस. हिला सांगितलं तर ही चहा गाळता गाळता म्हणाली, "विचारलंत का तिला कुठे जाते?"

मी काय तिचा मुकादम आहे विचारायला?

२ फेब्रुवारी, मंगळवार

पालिकेची स्पर्धा जाहीर झाली. स्वच्छ आणि हिरवी वस्ती, शाळेसकट. पहिलं बक्षीस बागेसाठी पाण्याची मोठी टाकी आणि नळ्या. हेडबाईंचे डोळे चमकले. मुलं सध्या बादल्या वाहून वाहून भिजतात.

अर्ज हेडबाईंनी भरला आणि तपासायला माझ्याकडे दिला. महिन्याभरानं हातात कच्चा मजकूर! बोटं शिवशिवत होती. सहाव्या प्रश्नाशी अडलो. 'नियमित स्वच्छता कोण करते?' चौकट दोन ओळींची. हेडबाईंनी लिहिलं होतं, 'सफाई कर्मचाऱ्याच्या मदतीने रहिवासी व विद्यार्थी दररोज सकाळी स्वच्छता करतात.' शेवटचा 'करतात' चौकटीच्या बाहेर लोंबत होता. असं लोंबणं मला बघवत नाही. पहिले तीन शब्द वगळले. तीच आपली जुनी शेपटीवाली वेटोळी खूण. वाक्य कसं ताठ उभं राहिलं. 'रहिवासी व विद्यार्थी दररोज सकाळी स्वच्छता करतात.' एका श्वासात वाचता येतं.

हेडबाई फोनवर बोलत होत्या, बोलता बोलताच सही केली. टंकून लगेच पाठवला.

आज फार बरं वाटतंय. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, छान. पण 'छान'च्या आधी जरा थांबली.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या फेरीत निवडले गेलो! आता शेवटच्या पाचात. पालिकेचे साहेब येऊन गेले, फोटो काढले, 'गणिताच्या सरां'ची चौकशी केली. म्हणाले, कोणाचीही मदत न घेता एवढं करणारी ही एकच गल्ली. तुमचा अर्ज मी दोन बैठकांमध्ये वाचून दाखवला. माझी छाती चार बोटं फुगली. शिंपी म्हणाला, शर्ट उसवेल.

मावशी लांब उभी होती. साहेबांनी तिच्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, त्या आमच्या मावशी. साहेब 'अच्छा' म्हणाले आणि काहीतरी टिपून घेतलं. चला, तिचंही कौतुक होईल.

१ मार्च, सोमवार

मावशी आली नाही. सहाला वाटलं उशीर झाला असेल, आठला वाटलं आजारी असेल. मग हेडबाईंनी कागद दाखवला. तिची बदली झाली. शहराबाहेरच्या कचरा डेपोवर. दोन बस बदलून जायचं. कारण लिहिलंय: 'सदर गल्ली व शाळेची स्वच्छता रहिवासी व विद्यार्थी दररोज सकाळी स्वतः करत असल्याने तेथे कर्मचाऱ्याची आवश्यकता नाही.'

माझं वाक्य. त्यांनी एक 'स्वतः' तेवढा घातला.

हेडबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, बदल्या होतच असतात. घरी येऊन हिला सांगितलं. हिला आधीच माहीत होतं. कोणी सांगितलं विचारलं तर म्हणाली, तिनंच, दुसरं कोण सांगणार?

जेवण बेताचंच गेलं. पण खरंच, होतच असतात बदल्या. डेपोवरही माणसं काम करतातच ना.

४ मार्च, गुरुवार

ही माझ्याशी नीट बोलत नाही. भांडण नाही, आदळआपट नाही. विचारलं तेवढं उत्तर. मीठ हवंय का, तर हो. आणि रोज दहाच्या ठोक्याला पिशवी घेऊन बाहेर पडते ती अकरापर्यंत येत नाही. आल्यावर हाताला साबणाचा वास. कुठे जातेस, तर म्हणाली, व्यायामाला. या वयात आणि पिशवी घेऊन? असेल एखादा नवा वर्ग.

सोळाला शेवटची पाहणी. मी सगळ्यांना कामं वाटून दिलीत. हात चालतायत, मन लागत नाही. काल झाडताना दोनदा मागे वळून पाहिलं. का ते कळलं नाही.

९ मार्च, मंगळवार

पहाटे पाइप फुटून गल्लीभर पाणी झालं. पाइप तासाभरात दुरुस्त झाला, पाणी मात्र हलेना. शाळेच्या फाटकाशी घोटाभर काळं पाणी. मुलं विटांवरून उड्या मारत आत गेली. सगळ्यात खोलगट जागी आमची रोपं. 'गणिताचे सर' अर्धे बुडाले.

शिंप्यानं आणि मी जाळी उचलली. खाली पानं, दोऱ्याचे तुकडे, धूळ यांचा लगदा. हात कोपरापर्यंत घातला तरी तळ लागेना. शिंपी म्हणाला, एवढं आलं कुठून, आपण तर रोज झाडतो. रोज झाडतो म्हणजे काय करतो? उतारानं पुढे ढकलत नेतो. उतार कुठे जातो? या जाळीत.

म्हणजे दोन महिने आम्ही गटार भरत होतो आणि ती मागून उपसत होती. आकडा घेऊन. मी वहीत 'वेळकाढूपणा' लिहिलंय. मागची पानं उघडून पाहिलं. माझ्याच अक्षरात, शुद्ध, एकही चूक नाही. शरम वाटली. दिवसभर हात धुतोय, वास जात नाही.

१० मार्च, बुधवार

गटाराचं विचारायला मावशीकडे जायचं ठरवलं. घर माहीत नव्हतं. दूधवाल्याला विचारलं तर म्हणाला, मागच्याच गल्लीत, पत्र्याचं दार. इतक्या जवळ. सव्वादहाला पोचलो. ती डेपोवर असणार, पण निरोप ठेवावा म्हणून.

दार ढकललं. आत ही.

पलंगावर एक माणूस झोपलेला, मावशीचा नवरा. अर्धं अंग गेलेलं. ही त्याला कुशीवर वळवत होती, एक हात त्याच्या खांद्याखाली, एक कमरेखाली, दम लागलेला. मला पाहिलं आणि म्हणाली, "उभे काय राहिलात? पाय धरा."

मी पाय धरले. हलके होते, लहान मुलासारखे. त्याला वळवलं, पाठ पुसली, उशी लावली. हिनं वाटीतलं पातळ जेवण चमच्यानं भरवलं. तो माणूस मला बघून तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसला. त्याला काहीच माहीत नव्हतं, किंवा असेलही.

परत येताना हिनं सांगितलं. चार वर्षं झाली. त्याला दर तीन-चार तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. मावशी पहाटे करून यायची, दहाला येऊन करून जायची, दुपारी सुटली की घरीच. गल्ली जवळ म्हणून नोकरी टिकली होती. आता पहाटे पाचला जाते आणि चारला येते. महिनाअखेरपर्यंत बघणार आहे, नाहीतर सोडणार आहे नोकरी. निवृत्तिवेतनाला दीड वर्ष राहिलंय.

मी विचारलं, मला का सांगितलं नाहीस?

ही म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही इतके खूश होतात. निवृत्त झाल्यावर घरात नुसते फिरत होतात हो. माझीही चूक झाली."

तिनं माझी चूक निम्मी स्वतःवर घेतली, हेच सहन होत नाही.

११ मार्च, गुरुवार

पालिकेत गेलो. तीन टेबलं फिरून साहेबांपर्यंत. ते म्हणाले, आदेश तुमच्याच लेखी अर्जावर निघालाय. तुम्ही लेखी दुरुस्ती द्या, मी फिरवतो. मग थांबून म्हणाले, "पण मग तुम्ही स्पर्धेत राहत नाही. अर्जावरून तुम्हाला ज्या गटात घातलंय, तो कर्मचारी नसलेल्या वस्त्यांचाच आहे." आणि कोरा नमुना पुढे सरकवला. म्हणाले, घाई नाही, सोळानंतर दिलात तरी चालेल.

सोळानंतर. म्हणजे टाकी पण मिळेल आणि दुरुस्ती पण होईल. नमुना खिशात घालून घरी आलो. लिहायला लाज वाटते, पण हे दैनंदिनीत नाही लिहायचं तर कुठे? बसमध्ये मला ती युक्ती आवडली होती. पाच दिवसांचा तर प्रश्न. मुलांच्या बादल्या डोळ्यांसमोर आल्या. चांगली कारणं कशी पटापट सुचतात!

घरी हिनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बघतो म्हणालेत. जेवताना पाच दिवस म्हणजे त्याला किती वेळा वळवायचं याचा हिशोब मनात चालू झाला. उठून हिला खरं काय ते सांगितलं.

१२ मार्च, शुक्रवार

सकाळी झाडणं झाल्यावर सगळ्यांना थांबवलं आणि सांगितलं. तीन शब्द कोणी काढले, कशासाठी काढले. ओळीत बसत नव्हते म्हणून. ऐकताना ते फारच क्षुल्लक वाटलं, आणि म्हणूनच जास्त वाईट.

शिंपी उसळला. दोन महिने मशीन उशिरा उघडतोय, गिऱ्हाइकांच्या शिव्या खातोय, कंबर मोडली, आणि आता तुम्ही म्हणता अर्ज चुकला? सोळाला बक्षीस घेऊ, सतराला दुरुस्ती द्या, कोणाचं काय बिघडतं? दोघातिघांनी माना हलवल्या. मी त्याला घेऊन गेलो पत्र्याच्या दारापर्यंत. तो आत आला नाही. उंबऱ्यातून पाहिलं आणि तसाच दुकानात गेला. तेव्हापासून बोलत नाही.

पाचवी 'ब'ला हेडबाईंनी सांगितलं. मग एका मुलीनं विचारलं, बक्षीस नाही तर उद्या झाडायला यायचं का नाही? मागून कोणीतरी म्हणालं, अगं, झाडांना कुठे माहितीये स्पर्धा.

दुपारी नमुना भरायला बसलो. 'कर्मचाऱ्याचे संपूर्ण नाव' इथे पेन थांबलं. शिंप्याला विचारायची सोय नाही. हेडबाई म्हणाल्या, आम्ही तर मावशीच म्हणतो. औषधवाला, दूधवाला, आजोबा, सगळ्यांचं तेच. बदलीच्या कागदावर नुसता क्रमांक. बारा वर्षं मी तिच्या झाडलेल्या रस्त्यावरून ऑफिसला गेलो. ती बावीस वर्षं झाडतेय.

हिला नक्की माहीत असणार. विचारलं. हिनं शिवण बाजूला ठेवली नाही की वर पाहिलं नाही. म्हणाली, "जाऊन विचारा."

१३ मार्च, शनिवार

साडेचारला गेलो. ती नुकतीच आली होती, पायांवर पाणी घेत होती. मला पाहून डोक्यावरचा पदर सारखा केला. मी सगळं बोलून टाकलं. गटाराचं, दहाच्या नोंदींचं, तीन शब्दांचं. माफी मागितली. ती ऐकत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, साहेब, मला वाटलं मीच काहीतरी चुकले. बावीस वर्षांत काय चुकलं ते आठवत होते बसमध्ये.

मग मी नमुना काढला आणि नाव विचारलं.

तिनं सांगितलं. मी लिहायला गेलो आणि अडलो. दुसरं अक्षर ऱ्हस्व का दीर्घ? तिनं डब्यातून पगाराचा कागद काढला. त्यावर एकदा ऱ्हस्व होतं, खाली सहीच्या जागी छापलेल्या नावात दीर्घ. मी विचारलं, तुम्ही कसं लिहिता? ती म्हणाली, मी कुठे लिहिते, अंगठा लावते. तुम्ही जाणकार, तुम्हाला बरोबर वाटेल तसं लिहा.

एकतीस वर्षं मला जे बरोबर वाटलं तेच केलं. आज धीर झाला नाही. म्हटलं, नाव तुमचं आहे, तुम्ही सांगा.

ती विचारात पडली. मग म्हणाली, "आई लांबून हाक मारायची. तशी म्हणून दाखवू?"

आणि तिनं हाक मारली. स्वतःलाच, पत्र्याच्या खोलीत, शेतापलीकडून मारावी तशी. दुसरं अक्षर चांगलं लांबलं. पलंगावरच्या माणसानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मी दीर्घ लिहिलं.

पालिका सोमवारी उघडेल. नाव इथे लिहीत नाही. ते नमुन्यावर आहे, आणि ते तिचं आहे.

१५ मार्च, सोमवार

नमुना दिला, पोच घेतली. साहेब म्हणाले, एक दिवस थांबला असतात. मी म्हटलं, नाही.

१६ मार्च, मंगळवार

पाहणी आपल्याकडे नव्हती. तरी नऊ जण आले. शिंपी नव्हता.

२२ मार्च, सोमवार

आदेश फिरला. आज ती आली.

आम्ही परीक्षेला बसल्यासारखे ओळीत उभे होतो. पाचवी 'ब'नं उत्साहानं आधीच अर्धी गल्ली झाडून ठेवली होती. तिनं एक चक्कर मारली, जाळीत डोकावली, 'गणिताच्या सरां'ना फुटलेली दोन नवी पानं पाहिली आणि म्हणाली, असं नाही चालायचं. मग सगळ्यांना शिकवलं. वारा पाठीशी घ्यायचा. ढीग उतारावर नाही, चढावर करायचा. पानं वेगळी, झाडांच्या मुळाशी. गटाराला हात लावायचा नाही, ते तिचं काम. हेडबाई वहीत उतरवून घेत होत्या. मी काही उतरवलं नाही, नुसतं झाडलं. धूळ अंगावर आली नाही.

टाकी दुसऱ्या वस्तीला मिळाली. मुलं बादल्या वाहतायत आणि भिजतायत. दहा वाजता ती घरी गेली, सगळ्यांच्या देखत, कोणीच घड्याळ पाहिलं नाही. हिला आज तिकडे जावं लागलं नाही. घरी आलो तर हिनं दोन कप चहा मांडला होता आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलत होती, पण ते नंतरचं.

आधीचं राहिलं. शिंपी आज आला. दहा दिवस बोलला नव्हता. माझ्या शेजारी येऊन झाडायला लागला, गळ्यात टेप तशीच. पाच-दहा मिनिटं झाडून झाल्यावर माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "तुम्ही कागदावर लिहिलंत म्हणे. काय नाव आहे हो त्यांचं?"

मी सांगणार होतो. जिभेवर आलं होतं.

"जाऊन विचारा," म्हटलं.

त्यानं झाडू भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले आणि गटाराच्या दिशेनं निघाला.